हेझलनटचा तुरटपणा फेकू नका : निवड, साठवण आणि भाजणी

हेझलनट भाजून झाले की गरम असतानाच पंच्यात गुंडाळून चोळायचे, साल निघते, दाणे गोरेपान होतात. मीही बरीच वर्षं हेच केलं. पंचा झटकला की तपकिरी भुगा कचऱ्यात. या दाण्यातल्या पॉलिफेनॉल्सचा, म्हणजे वनस्पतींत असणाऱ्या उपयुक्त संयुगांचा, मोठा वाटा त्याच भुग्यात असतो, हे फार उशिरा कळलं. साल जिभेला तुरट लागते ती टॅनिन गटातल्या प्रोअँथोसायनिडिन्समुळे, आणि हेझलनटमधले मुख्य अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिजनमुळे होणारी झीज रोखणारे घटक, तेच.

दुसरा महत्त्वाचा अँटिऑक्सिडंट म्हणजे ई जीवनसत्त्व. ते मुख्यतः गराच्या तेलात असतं. 100 ग्रॅम हेझलनटमध्ये ते साधारण 15 मिलिग्रॅम भरतं, म्हणजे प्रौढ माणसाच्या दिवसभराच्या गरजेइतकं. ते तेलात विरघळणारं जीवनसत्त्व आहे आणि दाण्यात 60 टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश, तोही बहुतांश ओलेइक आम्लाचा, म्हणजे ऑलिव्ह तेलात असतो तशा स्निग्धाम्लाचा. त्यामुळे ते अंगी लागायला वेगळं तूप-तेल लागत नाही.

आधी चव घ्या. विकत घेताना सालीसकट, अख्खे दाणे निवडा. तुकडे आणि पूड टाळा. जितका पृष्ठभाग उघडा, तितकी तेलाला हवा जास्त. कवचातले मिळाले तर हाताला जड लागणारे घ्या. कानाशी धरून हलवल्यावर खुळखुळ वाजत असेल तर आतला गर सुकून आकसलेला असण्याची शक्यता असते. मग एक दाणा दातांनी दुभंगून सावकाश चावा. आधी तुरट आणि मग गोडसर लागला तर उत्तम. घशाशी जुन्या तेलासारखी चव रेंगाळली तर तो खवट झालाय. तुरट आणि खवट यांत गल्लत करू नका. दाण्याचं तेल हवेशी संयोग पावू लागलं की ई जीवनसत्त्व ते थोपवायला स्वतः खर्ची पडतं. दाणा खवट लागतो तोवर त्यातलं बरंचसं संपलेलं असतं.

मग थंड आणि अंधारात ठेवा. काचेची बरणी ओट्यावर छान दिसते, पण उजेड आणि ऊब हेच या तेलाचे वैरी. हवाबंद डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा, जास्त दिवस लागणार असतील तर फ्रीझरमध्ये. बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नका, नाहीतर दाण्यांवर दव धरतं. जवळ कांदा किंवा मसाले नकोत, हे दाणे वास पटकन ओढून घेतात.

भाजणी मंद हवी. ओव्हनमध्ये 140 ते 150 अंश सेल्सियसला 12 ते 15 मिनिटं, एका थरात पसरून, मध्ये एकदा हलवून. बाहेरच्या रंगावर जाऊ नका, साल मुळातच तपकिरी असते. एक दाणा मधोमध फोडा. आतून दुधी रंग जाऊन फिकट सोनेरी झाला की लगेच काढा आणि दुसऱ्या थंड ताटात पसरा. गरम ट्रेमध्येच राहिले तर आतल्या आत भाजत राहतात. गडद भाजणी खमंग लागते खरी, पण त्यात जीवनसत्त्व खर्चतं. भाजलेले दाणे लवकर खवटतात, म्हणून आठवड्यापुरतेच भाजा.

साल काढायला खायच्या सोड्याच्या पाण्यात उकळण्याची युक्तीही सांगतात. ते पाणी काळपट लाल होतं. तो रंग सालीतूनच उतरलेला असतो. एखाद्या नाजूक मिठाईसाठी साल नको असेल तर काढा, रोजच्या खाण्यासाठी मुळीच नको.

किती खायचे? मूठभर, म्हणजे 28 ग्रॅम, अंदाजे 20 दाणे. त्यात 175 ते 180 कॅलरी, 4 मिलिग्रॅमच्या वर ई जीवनसत्त्व, पावणेतीन ग्रॅम तंतू आणि भरपूर मँगनीज व तांबं मिळतं. पावाला लावायच्या चॉकलेटच्या गोड लेपात हेझलनट असतात म्हणून तो याची जागा घेईल असं समजू नका. त्यात बहुधा साखर आणि दुसरं तेलच जास्त असतं.

हेझलनटची ॲलर्जी काहींना तीव्र असते, आणि बर्च नावाच्या झाडाच्या परागकणांचा त्रास होणाऱ्यांना हे दाणे खाल्ल्यावर तोंडात खाज सुटू शकते. असं काही जाणवलं तर पुढचा दाणा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.