स्टेनच्या आधी जिवंत पेशी बघा: खारघरमधल्या नव्या मुलांसाठी

एमएस्सीनंतर खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकसारख्या कर्करोग संशोधन संस्थेत प्रकल्प मिळाला की बहुतेकांना पहिल्याच आठवड्यात फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपवर, म्हणजे स्टेन केलेल्या (रंगवलेल्या) पेशी चमकताना बघायला, बसायचं असतं. माझा आग्रह उलट आहे. आधी काही दिवस साध्या फेज कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोपखाली, रंग न देता, जिवंत पेशी बघा.

त्वचेच्या पेशींसाठी बहुधा हाकॅट ही सेल लाइन (प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा वाढवता येणाऱ्या पेशी) हातात येईल. प्रौढ माणसाच्या त्वचेपासूनची ही लाइन 1988 साली प्रसिद्ध झाली. पेशींचा सलग थर वाढवायचा, पिपेटच्या टिपने मधोमध ओरखडा काढायचा, सुटलेल्या पेशी धुऊन टाकायच्या आणि फट कशी बुजते ते बघायचं. तासाभरानंतर बघत राहिलात की कडेच्या पेशी पातळ, पसरट झालर पुढे सरकवताना दिसतात. हे लॅमेलिपोडियम. त्यात अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे जेमतेम 7 नॅनोमीटर जाडीचे तंतू असतात. एआरपी 2/3 हे प्रथिनसंकुल जुन्या तंतूवर साधारण 70 अंशांत नवी फांदी उभी करतं, फांद्या वाढतात आणि पेशीपटल पुढे रेटलं जातं. मागच्या बाजूला मायोसिन हे प्रथिन अ‍ॅक्टिनचे तंतू खेचतं, तेव्हा पेशीची शेपूट सुटते. झालर आली, पण खालची पकड बसली नाही, तर ती मागे दुमडते. हे दुमडणं फिक्स केलेल्या, म्हणजे रसायनाने मारून आहे तशा टिकवलेल्या, पेशीत तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि पेशी पुढे का गेली नाही याचं उत्तर अनेकदा तिथेच असतं.

रॅक हे नियंत्रक प्रथिन झालरीसाठी, ऱ्हो हे दुसरं स्ट्रेस फायबरसाठी (अ‍ॅक्टिनच्या जाड, ताणलेल्या जुड्या), हे 1992 सालच्या फायब्रोब्लास्टवरच्या (संयोजी ऊतीतल्या पेशींवरच्या) प्रयोगांतून पुढे आलं. पाठ्यपुस्तकात ते वाचलेलं असतंच. केराटिन या तंतू बनवणाऱ्या प्रथिनाकडे मात्र सगळे दुर्लक्ष करतात, आणि त्वचेत तर तेच मुख्य! जखमेच्या कडेला केराटिनचे 6, 16, 17 हे प्रकार वाढतात, 10 नॅनोमीटरच्या तंतूंचं जाळं नव्याने मांडलं जातं. पेशीची लवचीकता आणि शेजारणीशी असलेली पकड यांचा विचार त्याशिवाय करता येत नाही.

फट बुजली म्हणजे पेशी सरकल्याच असं धरू नका. त्या विभागूनही वाढलेल्या असू शकतात. विभागणी रोखण्यासाठी पेशींना वाढायला लावणारं सिरम कमी करतात किंवा मायटोमायसिन-सी हे औषध देतात. हे औषध विषारी आहे, हातमोजे घालूनच हाताळा.

डिशच्या खालून मार्करने खूण करा, नाहीतर दुसऱ्या वेळी तीच जागा सापडत नाही. मग अ‍ॅक्टिनच्या तंतूंना चिकटणाऱ्या फॅलॉइडिनने अ‍ॅक्टिन रंगवा; आता काय शोधायचं ते तुम्हाला माहीत असेल.

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने येणाऱ्यांनी ओरखड्याची वेळ आधीच ठरवावी. सकाळी नऊला काढलात तर बारा तासांचा फोटो रात्री नऊला, आणि त्यानंतरही परतीची लोकल मिळायला हवी.