बॅग भरताना या चुका टाळा: आधी वानोळ्याची जागा, मग कपडे

आपल्याकडे खान्देशात बॅग बिघडते ती शेवटच्या अर्ध्या तासात. कपडे रचून झालेले, चेन लागलेली, आणि मावशी पिशवी घेऊन दारात: "इतलंसं तं शे, लई जा" (एवढंसंच तर आहे, घेऊन जा). पिशवीत बिबडे (ज्वारीचे पापड), कळण्याचं म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ, काळा मसाला, हंगाम असेल तर भरताची वांगी. नाही म्हणता येत नाही, आणि का म्हणावं? चूक वानोळ्याची, म्हणजे प्रेमाने दिलेल्या या खाऊची, नाहीच. तो येणार हे ठाऊक असून बॅग कपड्यांनी गच्च भरणाऱ्याची आहे. पाव बॅग सुरुवातीलाच रिकामी सोडा.

त्यातही काय कुठे ठेवायचं याला महत्त्व आहे. मसाल्याची पुडी कपड्यांत खुपसली की आठवडाभर शर्टाला फोडणीचा वास. मसाला घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, डबा प्लास्टिकच्या पिशवीत. लोणच्याची बरणी काठोकाठ भरू नका. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेल पातळ होऊन झाकणातून पाझरतं. दोन बोटं जागा सोडा, तोंडावर प्लास्टिकचा कागद ठेवून मग झाकण फिरवा, आणि बरणी उभीच राहील अशी कपड्यांत रुतवा. बिबडे-पापड मात्र पिशवीत नकोतच. कडक डब्यात घाला, नाहीतर मुक्कामी चुरा पोचतो.

जड वस्तू वर ठेवणं ही दुसरी नेहमीची चूक. चाकांची बॅग उभी केली की ती पुढे कलंडते. पिठाचे डबे, बूट, चार्जर चाकांच्या बाजूला. बुटांच्या पोकळीत मोजे. टी-शर्ट गुंडाळून, इस्त्रीचे कपडे सपाट सगळ्यात वर.

उन्हाळ्यात मनाली-शिमल्याला निघताना स्वेटर नकोसा वाटतो, घामाने भिजलेल्या माणसाला तो सुचणारच नाही. पण जाड जॅकेट बॅगेत कोंबण्यापेक्षा हातात ठेवा. रेल्वेच्या एसी डब्यात रात्री तेच कामी येतं.

नग वाढवू नका. स्लीपरमध्ये ४० किलोपर्यंत सामान मोफत चालतं, म्हणून माणसं पाच पिशव्या करतात. भुसावळला गाडी निवांत थांबते, पाचोऱ्यासारख्या स्टेशनवर दोन-तीन मिनिटांत सगळं चढवायचं असतं. औषधं, तिकीट, ओळखपत्र मात्र खांद्यावरच्या पिशवीतच.

विमान असेल तर पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. ती जवळच ठेवायची, १०० वॅट-अवरपर्यंतची सहसा चालते. लोणचं उलट, ते चेक-इनमध्येच बरं. वजन घरीच करा: बॅग घेऊन काट्यावर उभे राहा, मग रिकाम्या हाताने, आणि वजाबाकी. वानोळा आल्यावर पुन्हा एकदा.

एवढं करूनही चेन फाकलीच, तर वर बसून ओढू नका. थोडं सामान काढा, चेनचा सरकता भाग सुरुवातीपर्यंत मागे न्या, पक्कडीने त्याच्या दोन्ही कडा अगदी हलक्या दाबा, दातांवर मेणबत्ती घासा आणि सावकाश लावा. बहुतेकदा चालून जाते. दातच तुटले असतील तर नाद सोडा, बॅगेला सुतळी गुंडाळा.