लॉग रोलिंगचा क्लास सुरू व्हायच्या आधी काय काय बघायचं

मागच्या उन्हाळ्यात लेकीला इथे मॅडिसनला (अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये) लॉग रोलिंगला घातलं तेव्हापासून मंडळातले बरेच जण विचारतायत की तयारी काय लागते, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. ज्यांनी बघितलंच नाही त्यांच्यासाठी, पाण्यात तरंगणाऱ्या ओंडक्यावर दोघं उभे राहतात, एकेक जण एकेका बाजूला, पायांनी ओंडका पळवतात, मधेच थांबवतात, उलटा फिरवतात, आणि आधी पाण्यात पडेल तो हरला. समोरच्याला हात लावायचा नाही, मधली रेघ ओलांडायची नाही, पण पायाने त्याच्या तोंडावर पाणी उडवलेलं चालतं!

सगळ्यात आधी पोहणं. मुलाला पोहता येत नसेल तर लाइफ जॅकेट हवंच, आणि येत असलं तरी नाकातोंडात पाणी गेल्यावर घाबरत नाही ना हे आधी स्विमिंग पूलमध्ये बघून घ्या, कारण पहिल्या दिवशी तासाभरात तीस-चाळीस वेळा पडणं होतं. पडायचं ते ओंडक्यापासून लांब, बाजूला, आणि वर येताना एक हात डोक्यावर धरून, कारण ओंडका तिथेच फिरत असतो. हे घरी तोंडपाठ करून घ्या, माझ्या मते बाकी सगळं राहिलं तरी चालेल पण हे नाही.

मग पाय. क्लासच्या महिनाभर आधीपासून आम्ही रोज बेसमेंटमध्ये लंगडी घालायचो, दोन्ही पायांवर आलटून पालटून, आणि दात घासताना एका पायावर उभं राहायचं. त्यानंतर जागच्या जागी छोटी छोटी पावलं, अगदी भराभर, चवड्यांवर, गुडघे थोडे वाकवून, तीस सेकंद. यात एकच गोष्ट पक्की करून घ्यायची ती म्हणजे स्वतःच्या पायांकडे बघायचं नाही. आम्ही भिंतीवर एक टिकली लावली होती आणि नजर तिच्यावर. लॉगवर नजर समोरच्याच्या पायांवर ठेवतात, एकटं असलं तर लॉगच्या दुसऱ्या टोकावर. आणि पाय थांबवायचे नाहीत, पाय थांबले की पडलंच समजा. लेक पहिल्या आठवड्यात ओंडका जरा हलला की घट्ट उभी राहायची आणि लगेच पाण्यात, तिसऱ्या आठवड्यात मात्र पावलांचा टपटप आवाज यायला लागला, ओल्या लाकडावर पाऊस पडावा तसा, आणि ती अकरा सेकंद टिकली. मी काठावर उभी राहून मोठ्याने मोजत होते.

कपड्यांचं म्हणाल तर नुसता स्विमसूट नको. पाण्यातून लॉगवर चढताना पोटावर आणि मांड्यांवर घासतं, लाकडी लॉगवर मुलांसाठी कार्पेट लावलेलं असेल तर जास्तच, म्हणून लांब लेगिंग्ज आणि पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड, म्हणजे पोहताना घालायचा अंगाला घट्ट बसणारा टीशर्ट, घ्या, ढगळ टीशर्ट नको. खिळ्यांचे बूट मोठ्या स्पर्धेतले लोक लाकडी लॉगवर घालतात, तुम्ही विकत घेऊ नका, सुरुवातीला अनवाणी किंवा पातळ वॉटर शूज पुरतात. नडग्यांवर काळेनिळे डाग पडतात, तेवढी मनाची तयारी ठेवा.

लॉग कुठला आहे ते क्लासवाल्यांना आधी विचारा. हल्ली बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकचा असतो, रिकामा असताना साधारण तीस किलो, मग आत पाणी भरतात. त्याला वेग कमी करणाऱ्या पट्ट्या लावता येतात आणि जसजसं जमेल तसतशा काढतात, नवीन मुलांना त्याच्यावरच शिकवावं. पारंपरिक लॉग सीडर नावाच्या झाडाच्या लाकडाचे, स्पर्धेत पंधरा इंच जाडीपासून अकरा इंचापर्यंत पाच आकार, जितका बारीक तितका जास्त भराभर फिरतो.

निघायच्या दिवशी सकाळी तलाव उघडा आहे का ते बघा, उन्हाळ्यात इथल्या तलावांत शेवाळ वाढलं की बीच बंद करतात, आणि विजा असतील तर विषयच नाही. खाणं दीड तास आधी, हलकं, आमच्याकडे केळं आणि दोन घास पोहे. बॅगेत दोन टॉवेल, कोरडे कपडे, सनस्क्रीन, चष्मा असेल तर त्याला दोरी, आणि थर्मासमध्ये काहीतरी गरम, कारण जूनमध्येही पाणी गार असतं आणि पोरांचे ओठ निळे पडतात.

जमलं तर जुलैमध्ये विस्कॉन्सिनमधल्याच हेवर्ड गावी लॉग रोलिंगची वर्ल्ड चॅम्पियनशिप बघायला न्या, १९६० पासून तिथे भरते, इथून गाडीने पाचेक तास. ज्या पाण्यात स्पर्धा होते तिथेच पूर्वी लाकूड कंपनीचे ओंडके साठवून ठेवायचे, आणि हा खेळही मुळात नदीतून ओंडके वाहून नेणाऱ्या कामगारांचाच, त्यांना ओंडक्यावर उभं राहता आलं नाही तर जीवच जायचा. तिथे जाण्याआधी मुलांना जे. आर. साल्झमनबद्दल सांगा, सैनिक म्हणून इराकमध्ये गेला असताना उजवा हात गमावून आल्यावरही हा चॅम्पियन परत लॉगवर उभा राहिला. गाव छोटं आहे, राहायची खोली मे महिन्यातच बुक करा.