सांडणी वारंवार उलटतेय? या चुका टाळा

सांडणी म्हणजे उंटीण, आणि उलटणं म्हणजे नर लावूनही गाभ न धरणं. बिकानेर-जैसलमेरकडे उंटांचा माजाचा हंगाम हिवाळ्यातला. गर्भकाळ जवळपास 13 महिन्यांचा, म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी दोन वर्षांत एकच पिल्लू. हंगाम हुकला की वर्ष वाया जातं, म्हणून पशुपालक घाई करतो. चुका होतात त्या इथेच.

सगळ्यात महागात पडते ती नमुना न तपासता गर्भपिशवीत अँटिबायोटिक सोडण्याची सवय. ई. कोलाय, स्ट्रेप्टोकोकस, ट्रुपरेला, क्लेब्सिएला, स्युडोमोनास या जंतूंपैकी कोण बसलंय हे बाहेरून कळत नाही. ऑक्सिटेट्रासायक्लिनसारखं अँटिबायोटिक दरवेळी थोडं थोडं सोडलं की कच्चे जंतू मरतात, चिवट उरतात. स्युडोमोनास तर अनेक औषधांना मुळातच दाद देत नाही. मारा फारच लांबला तर पिशवीत बुरशीही धरते. औषध देण्याआधी पिशवीतून स्वॅब (कापसाच्या काडीवर नमुना) घ्या, तोही आवरणातला. उघडा स्वॅब योनिमार्गातले जंतू घेऊन येतो आणि अहवाल भलतीकडे नेतो. सोबत पेशींची तपासणी हवीच. जंतू आहेत पण दाह नाही, तर मी तरी अँटिबायोटिक देणार नाही.

त्याही आधी ती गाभण नाही याची खात्री करा. सांडणीत बीज सुटतं ते नराशी संग झाल्यावरच, त्यामुळे गाईसारखे एकवीस दिवस मोजण्यात अर्थ नाही. नर जवळ येताच ती शेपूट ताठ उचलत असेल तर ती गाभण असू शकते; आधी सोनोग्राफी, पिशवी धुण्याचा विचार नंतर. अंडाशयाभोवतीच्या पिशवीत पाणी साठलं असेल तर तेही सोनोग्राफीतच दिसतं, आणि त्यावर अँटिबायोटिकचा काही उपयोग नसतो.

एकाच माजात पुन्हा पुन्हा नर लावू नका. उंटाचा संग वाळूत बसून, बराच वेळ चालतो आणि नराचं लिंग गर्भाशयाच्या मुखापर्यंत जातं. प्रत्येक वेळी घाण आत जायला वाट मिळते. नराला हाताने वाट दाखवणाऱ्याने हात धुतलेले असावेत, एवढं सांगूनही कोणी ऐकत नाही!

सांडणी गाभडली तर लगेच अँटिबायोटिकचं इंजेक्शन टोचू नका. कारण तिबरसा, म्हणजे सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग, असू शकतो. त्यासाठी रक्त तपासा. सर्रावर गुरांना चालणारं डिमिनाझिन हे औषध उंटाला विषारी ठरतं. ब्रुसेलोसिस या गाभडवणाऱ्या, माणसालाही होणाऱ्या रोगाचीही तपासणी करा आणि गाभडलेलं पिल्लू, वार उघड्या हातांनी उचलू नका. अहवाल येईपर्यंत दूध उकळूनच प्या. अँटिबायोटिक चालू असेल तर ते दूध विकूही नका.