कोरियातील अपार्टमेंटचा पत्ता कसा वाचावा आणि कसा लिहावा

दक्षिण कोरियात शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात आपला पत्ता दहा ठिकाणी लिहून द्यावा लागतो, आणि त्याच वेळी त्याला सगळ्यांत जास्त चुकीचे सल्लेही मिळतात. "पत्ता जसाच्या तसा उतरवून चिकटवा, बाकी टपालवाला पाहून घेईल" हा त्यांतला सर्वांत लाडका सल्ला. मी नऊ वर्षे सुवॉन शहरात राहते आहे, चार घरे बदलली आहेत आणि नव्याने येणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना व कुटुंबांना त्यांचे पत्ते नीट लिहून देण्याचे काम आपसूकच माझ्याकडे आले आहे. त्या अनुभवावरून सांगते की कोरियन पत्ता अतिशय शिस्तबद्ध असतो. तो उतरवून घेण्याऐवजी समजून घेतला, तर पुन्हा कोणाला विचारण्याची गरज राहत नाही.

क्रम लक्षात घ्या

आपण घर क्रमांकापासून सुरू करून राज्यापर्यंत जातो, तर कोरियन माणूस प्रांतापासून सुरू करून दारापर्यंत येतो. प्रांत म्हणजे 'दो', शहर म्हणजे 'शी', शहरातील विभाग म्हणजे 'गू'. सोल हे विशेष शहर असल्यामुळे त्याच्या आधी प्रांत येत नाही. शहरानंतर थेट त्याच्या पंचवीस 'गू'पैकी एक येतो.

रस्ता आणि इमारत क्रमांक वाचा

१ जानेवारी २०१४ पासून कोरियात रस्त्याच्या नावावर आधारलेला पत्ता हाच अधिकृत पत्ता आहे. त्याआधी 'जिबॉन' चालत असे, आणि तो महाराष्ट्रातील माणसाला एका वाक्यात समजतो, कारण जिबॉन म्हणजे आपला सर्वे नंबर आणि त्याचा हिस्सा. जपानी राजवटीत १९१० ते १९१८ या काळात झालेल्या जमीन मोजणीतून हे क्रमांक आले. पुढे जमिनीचे तुकडे पडत गेले तसे क्रमांकांना फाटे फुटले, आणि शेजारच्या दोन घरांचे क्रमांक एकमेकांच्या जवळ असतीलच याची खात्री उरली नाही. जुने घरमालक आजही जिबॉन सांगतात. तो चुकीचा नसतो, नकाशावर सापडतोही. पण अर्जावर लिहायचा असतो तो रस्त्याचा पत्ता.

रस्त्याच्या नावाचा शेवट त्याची रुंदी सांगतो. 'दे-रो' म्हणजे चाळीस मीटर किंवा आठ मार्गिकांहून मोठा हमरस्ता, 'रो' म्हणजे मध्यम रस्ता आणि 'गिल' म्हणजे गल्ली. रस्ते पश्चिमेकडून पूर्वेकडे आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे मोजतात, दर वीस मीटरला क्रमांकांची एक जोडी देतात, डाव्या हाताला विषम आणि उजव्या हाताला सम क्रमांक ठेवतात. त्यामुळे क्रमांकाला दहाने गुणले की रस्त्याच्या सुरुवातीपासूनचे अंतर साधारण मीटरमध्ये मिळते. सोलच्या महापालिकेचा पत्ता सेजोंग-दे-रो ११० असा आहे. म्हणजे ती इमारत रस्त्याच्या आरंभापासून सुमारे अकराशे मीटरवर, उजव्या हाताला आहे. 'पानग्योयॉक-रो १४६ बॉन-गिल' असे लिहिलेले दिसले, तर पानग्योयॉक-रोच्या आरंभापासून सुमारे १४६० मीटरवर फुटणारी ती गल्ली आहे, हे रस्ता न पाहताही कळते. इमारत क्रमांकात आडवी रेघ असेल तर तीही लिहावी. १२ आणि १२-३ या दोन वेगळ्या इमारती आहेत.

'दोंग' म्हणजे काय, हे ठरवा

इथे थांबून नीट वाचावे, कारण मी स्वतः इथेच अडखळले होते आणि माझ्याकडे मदतीला येणाऱ्या बहुतेकांची चूक इथेच झालेली असते.

अपार्टमेंटच्या पत्त्यात 'दोंग' हा शब्द दोनदा येऊ शकतो आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ वेगळा असतो. एक दोंग म्हणजे वस्ती, आपल्याकडची पेठ किंवा उपनगर म्हणा. दुसरा दोंग म्हणजे वसाहतीतील एक इमारत, म्हणजेच आपली विंग. कोरियन लिपीत दोन्ही शब्द अक्षरशः एकसारखे लिहितात. जुन्या चिनी अक्षरांत मात्र ते वेगळे आहेत, आणि इमारतीच्या दोंगसाठी जे अक्षर वापरतात त्याचा मूळ अर्थ छपराचे आढे असा आहे. हे मला एका म्हाताऱ्या पहारेकऱ्याने कागदावर दोन्ही अक्षरे काढून समजावले, तेव्हापासून माझा गोंधळ कायमचा संपला.

त्याआधी काय घडले ते सांगते. मी आले त्या वर्षी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने माझा पत्ता 'सुधारून' दिला. दोंग दोनदा लिहिण्याची गरज नाही, असे सांगून त्याने इमारतीचा दोंग खोडला आणि वस्तीचा ठेवला. आमची वसाहत चौदा इमारतींची होती, आणि त्या चौदांपैकी बहुतेक इमारतींत १२०३ क्रमांकाचे घर होते. आईने दिवाळीला पाठवलेला फराळ त्याच पत्त्यावर निघाला. माझा दूरध्वनी क्रमांक मधल्या काळात बदलला होता, त्यामुळे खोके आणणाऱ्याला मला विचारता आले नाही. अकरा दिवसांनी ते खोके १०१ क्रमांकाच्या इमारतीपाशी पहारेकऱ्याच्या खोलीत सापडले. चकल्यांचा चुरा झाला होता, आणि खोक्यावर आईच्या अक्षरात, मीच तिला कळवलेला, चुकीचा पत्ता होता. फराळाचे एक वेळ सोडून देता येते. पण ११९ वर रुग्णवाहिका बोलावताना हाच पत्ता सांगितला असता तर काय झाले असते, हा विचार अजूनही माझ्या मनातून जात नाही. इमारतीचा दोंग कधीही, कोणाच्याही सांगण्यावरून गाळू नका.

दोन दोंग ओळखण्याचा सोपा नियम असा की, दोंगच्या आधी नुसता आकडा असेल तर ती इमारत आणि नाव असेल तर ती वस्ती. '१०७-दोंग' ही इमारत, 'योंगथोंग-दोंग' ही वस्ती. नियम बरोबर आहे, पण त्याला तीन फाटे आहेत आणि ते न सांगता हा नियम पुढे देणे मला अर्धवट सल्ला वाटतो.

पहिला फाटा असा की, वस्तीचेच दोन प्रकार आहेत. 'बॉपचोंगदोंग' म्हणजे कायद्याने ठरलेली वस्ती आणि 'हेंगजोंगदोंग' म्हणजे कारभाराच्या सोयीसाठी केलेला विभाग. सोलच्या गांगनाम-गूमध्ये कायद्याने योक्साम-दोंग एकच आहे, पण कारभारासाठी त्याचे योक्साम १-दोंग आणि योक्साम २-दोंग असे दोन भाग आहेत. इथे नावानंतर आकडा आला तरी ती इमारत नव्हे. पत्त्याच्या शेवटी कंसात लिहितात तो कायद्याचा दोंग, तर दाखल्यांसाठी ज्या स्थानिक कार्यालयात जायचे असते ते कारभाराच्या दोंगचे.

दुसरा फाटा लहान इमारतींचा आहे. चार-पाच मजली इमारतींना तिथे 'विला' म्हणतात, आणि अशा दोन-तीन इमारती शेजारी असल्या की त्यांना आकड्यांऐवजी गा-दोंग, ना-दोंग, दा-दोंग अशी नावे देतात. हे आपल्या अ, ब, क सारखे कोरियन वर्णमालेच्या क्रमाने येते. नवखा माणूस 'ना-दोंग'ला वस्तीचे नाव समजून तो शब्द विभागाच्या रकान्यात भरतो. वस्तीची नावे बहुधा लांब असतात. एकाच अक्षराचा दोंग दिसला की तो इमारतीचा तर नाही ना, हे आधी तपासावे.

तिसरा फाटा वसाहतीच्या नावाचा आहे. सोलच्या यांगछॉन-गूमध्ये मोकदोंग नवनगरीची चौदा संकुले आहेत. संकुलाला 'दान्जी' म्हणतात. सातव्या दान्जीतील इमारती ७०१ पासून सुरू होतात आणि चौदाव्या दान्जीतील १४०१ पासून, म्हणजे क्रमांकाचा पुढचा भाग दान्जीचा असतो. मात्र चौदावी दान्जी नावाने 'मोकदोंग' असली तरी कायद्याने ती शिनजोंग-दोंग या शेजारच्या वस्तीत येते. तिच्या पूर्ण पत्त्यात 'मोकदोंग', 'शिनजोंग-दोंग' आणि '१४०१-दोंग' हे तिन्ही शब्द दिसू शकतात, आणि त्यांपैकी एकही चुकीचा नसतो. पहिला वसाहतीच्या नावाचा भाग, दुसरा वस्ती, तिसरा इमारत. एवढे ज्याला वेगळे करता आले, त्याला कोरियातील कोणताही पत्ता वाचता येईल.

१०१ हा आकडा पाहून वसाहतीत शंभर इमारती आहेत किंवा घर पहिल्या मजल्यावर आहे, असा समज करून घेऊ नये. सर्वसाधारणपणे मोजणी १०१ पासूनच सुरू होते. हा क्रमांक इमारतीच्या बाजूच्या भिंतीवर वरच्या अंगाला एवढ्या मोठ्या आकारात रंगवलेला असतो की तो रस्त्यावरूनही वाचता येतो. याचे कारणही समजून घ्यावे. रस्ता आणि इमारत क्रमांक बहुधा संपूर्ण वसाहतीला मिळून एकच असतो, त्यामुळे तो तुम्हाला फक्त फाटकापर्यंत आणतो. तिथून पुढे नेतो तो दोंगच.

'हो' वाचा

'हो' म्हणजे घराचा क्रमांक. १२०३-हो म्हणजे बाराव्या मजल्यावरील तिसरे घर. कोरियात तळमजला ही वेगळी मोजणी नाही. जमिनीलगतचा मजला हाच पहिला. म्हणून त्यांचा बारावा मजला आपल्या हिशेबाने अकरावा ठरतो, आणि १०२-हो हे घर जिना न चढता लागते. चार या आकड्याचा उच्चार मृत्यू या अर्थाच्या शब्दासारखा असल्यामुळे काही लिफ्टमध्ये चारच्या जागी इंग्रजी एफ दिसतो. क्रमांकाआधी बी असेल तर ते घर तळघरात किंवा अर्धे जमिनीखाली आहे, आणि तो बी गाळला तर वरच्या मजल्यावरील भलतेच दार वाजते.

भेटीला जाणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहावी. पुष्कळ इमारतींत एका लिफ्टला प्रत्येक मजल्यावर समोरासमोरची दोनच घरे जोडलेली असतात. तिथे १ व २ क्रमांकांच्या घरांसाठी एक प्रवेशद्वार आणि ३ व ४ साठी दुसरे असते, आणि आतून एकीकडून दुसरीकडे जाता येत नाही. १२०३ ला जायचे असेल तर दारावरील पाटीत तिसऱ्या घराची ओळ आहे का, हे पाहूनच आत शिरावे. लांब उघड्या सज्जाच्या जुन्या इमारतींत हा प्रश्न येत नाही. प्रवेशद्वारापाशी आकड्यांच्या कळा असतात. तिथे हो दाबून घरातील माणसाला दार उघडायला सांगायचे. वसाहतीच्या सामायिक दारावर मात्र आधी दोंग आणि मग हो दाबावा लागतो.

पत्ता लिहा

कोरियन क्रमाने नमुना असा होतो. आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत: क्योंगी-दो, सुवॉन-शी, योंगथोंग-गू, योंगथोंग-रो २००, १०७-दोंग १२०३-हो (योंगथोंग-दोंग, वसाहतीचे नाव). भारतातून पाठवताना इंग्रजी लिपीत हाच क्रम उलटा करावा: १०७-दोंग १२०३-हो, २०० योंगथोंग-रो, योंगथोंग-गू, सुवॉन-शी, क्योंगी-दो, मग पिनकोड आणि शेवटी दक्षिण कोरिया. पिनकोड १ ऑगस्ट २०१५ पासून पाच आकडी आहे; कोणी सहा आकडी दिला तर तो जुना आहे, घेऊ नका. सोलचे पिनकोड ०१ ते ०९ ने सुरू होतात, आणि भारतीय संकेतस्थळे किंवा तक्ते ते पुढचे शून्य परस्पर गाळतात, म्हणून छापील चिठ्ठी डोळ्यांखालून घालावी.

दोंग आणि हो यांच्या जागी नुसते '१०७-१२०३' लिहिण्याची पद्धत कोरियन माणसांत रूढ आहे आणि देशांतर्गत ती चालते. परदेशातून पाठवताना मी ती वापरू देत नाही, कारण जुन्या जिबॉनमध्येही दोन आकड्यांमध्ये अशीच रेघ असते. खोक्यावर शक्य असल्यास कोरियन लिपीतील पत्ताही चिकटवावा. तो आणि त्याचे अधिकृत इंग्रजी रूप सरकारच्या रस्ता-पत्ता संकेतस्थळावर मिळते, म्हणून मनाने स्पेलिंग करू नये. नकाशासाठी नेव्हर किंवा काकाओ वापरावा. चालू असलेला कोरियन दूरध्वनी क्रमांक लिहिलाच पाहिजे, हे माझ्या फराळाने मला शिकवले.

करारातील पत्ता नोंदीशी जुळवा

भाडेकरार करताना दारावर लावलेल्या क्रमांकावर विश्वास ठेवू नये. इमारतीच्या सरकारी नोंदीत जो दोंग आणि हो आहे तोच करारात आला पाहिजे. लहान विलांमध्ये दारावर १०१ आणि नोंदीत बी १०१ असा फरक आढळतो. परदेशी रहिवाशाने घर बदलल्यावर १५ दिवसांच्या आत नवा पत्ता कळवायचा असतो. १९८१ च्या भाडेकरू संरक्षण कायद्याचा आधार घेऊन आपली मोठी अनामत रक्कम सुरक्षित ठेवायची, तर अपार्टमेंटच्या बाबतीत या नोंदीतील दोंग आणि हो अचूक असावे लागतात. संपूर्ण इमारत एकाच मालकाच्या नावावर असलेल्या बहुकुटुंबी घरांत मात्र खोल्यांची स्वतंत्र मालकी-नोंद नसते, आणि तिथे इमारत क्रमांकापर्यंतची नोंद पुरते. आपले घर या दोहोंपैकी कोणत्या प्रकारचे आहे, हे सही करण्याआधी दलालाला विचारावे, आणि त्याने नोंदीचा उतारा पुढे ठेवल्यावर त्यातील आकडे करारातील आकड्यांशी एकेक करून स्वतः बोट ठेवून जुळवावेत.