गाण्याच्या ॲपला तुमचा पत्ता कशाला? लोकेशन बंद करायची रीत

नागपूरच्या फुटाळा तलावावर सकाळी फिरणाऱ्यांच्या कानात इयरफोन असतातच. गाणं वाजायला ॲपला दोनच गोष्टी लागतात: नेट, आणि तुम्ही कोणत्या देशात आहात याची माहिती. देश लागतो, कारण गाण्यांचे हक्क देशागणिक विकले जातात. इथे वाजणारं गाणं दुबईत वाजेलच असं नाही. पण देश आयपी पत्त्यावरूनही, म्हणजे नेटवर तुमच्या जोडणीला मिळणाऱ्या क्रमांकावरूनही, कळतो. तुम्ही तलावाच्या कोणत्या टोकाला आहात आणि तिथून कोणत्या गल्लीत वळता, हे कळल्यावाचून कोणतंच गाणं अडत नाही.

तरी परवानगी मागितली जाते. जवळच्या कार्यक्रमांची यादी, जागेनुसार शिफारसी, जाहिराती, घरातला स्पीकर शोधणं, अशी कारणं दिली जातात. ऑगस्ट 2015 मध्ये स्पॉटिफायनं गोपनीयतेचं नवं धोरण आणलं, त्यात लोकेशन, फोटो, कॉन्टॅक्ट्स सगळ्यांचा उल्लेख होता. लोक इतके भडकले की कंपनीच्या प्रमुखांना जाहीर माफी मागावी लागली आणि विचारल्याशिवाय यातलं काही घेणार नाही, असं सांगावं लागलं. विचारलं, की ‘नाही’ म्हणता येतं. ते कुठे आणि कसं म्हणायचं, ते बघू.

आधी यादी काढा

एकेक ॲप उघडून शोधत बसू नका. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये लोकेशन उघडा आणि त्यात ॲपच्या परमिशन्सवर जा. कोणाला कायम परवानगी आहे, कोणाला वापरताना आणि कोणाला नाही, हे एकाच पानावर दिसेल. (मेनूची नावं फोनच्या कंपनीनुसार थोडी बदलतात; सापडलं नाही तर सेटिंग्जमध्ये वरच्या शोधात लोकेशन टाका.) गाण्याचं एखादं ॲप कायमच्या रांगेत बसलं असेल तर त्याला आधी तिथून उठवा. बाकीच्यांनाही ‘डोन्ट अलाऊ’ द्या. अँड्रॉइड 12 किंवा पुढचं असेल तर प्रायव्हसी डॅशबोर्डही उघडा. गेल्या 24 तासांत कोणत्या ॲपनं किती वाजता लोकेशन घेतलं, ते तिथे वेळेसह दिसतं. बर्डीच्या बाजारात फोन खिशात असताना काय चाललं होतं, ते तिथेच कळतं.

आयफोनवर हीच वाट प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग लोकेशन सर्व्हिसेस अशी आहे. ॲपच्या नावावर टिचकी मारा आणि ‘नेव्हर’ निवडा. त्याच प्रायव्हसीच्या पानावर ट्रॅकिंग नावाचा भाग आहे. माग काढू का, असं ॲप्सना विचारायची सोयच तिथे बंद करता येते. माग काढण्याआधी ॲप्सनी विचारणं एप्रिल 2021 च्या आयओएस 14.5 पासून सक्तीचं झालं.

एखाद्या ॲपला लोकेशन द्यायचंच असेल तर अचूक देऊ नका. आयफोनवर 2020 पासून आणि अँड्रॉइडवर 2021 पासून ‘प्रिसाइज’चं बटण वेगळं आहे. ते बंद केलं की अँड्रॉइड साधारण 3 चौरस किलोमीटरचा अंदाज देतं. धरमपेठ की सदर एवढं कळेल, घर नाही कळणार.

ब्लूटूथची मेख

लोकेशन बंद केल्यावरही एक दार उघडं राहतं. आसपासच्या ब्लूटूथ यंत्रांची आणि वायफाय राऊटरची ओळख कळली, की तेवढ्यावरून जागा काढता येते, कारण कोणता राऊटर कुठे आहे याचे नकाशे तयार असतात. म्हणून अँड्रॉइड 11 पर्यंत ब्लूटूथ स्पीकर शोधायचा तर ॲपला लोकेशनचीच परवानगी मागावी लागे. लोकांना वाटे, स्पीकरसाठी मागतंय, देऊन टाका. अँड्रॉइड 12 पासून ‘नियरबाय डिव्हाइसेस’ अशी वेगळी परवानगी आली. तुम्ही ॲपमधून टीव्ही किंवा स्पीकरवर गाणी पाठवत नसाल तर तीही काढा. आयफोनवर त्याच जागी लोकल नेटवर्क आणि ब्लूटूथ असे दोन खटके आहेत.

रोजचे इयरफोन त्यानं बंद पडत नाहीत. ते फोनशी जोडलेले असतात, ॲपशी नाही.

अँड्रॉइडवर लोकेशनच्याच पानावर वायफाय स्कॅनिंग आणि ब्लूटूथ स्कॅनिंग असे आणखी दोन खटके असतात. वरून वायफाय बंद दिसलं तरी हे आतून शोध घेत राहतात. दोन्ही बंद करा.

खातं काय जाणतं?

फोन झाला, आता खातं. माझ्या मते खरा मुद्दा इथेच आहे, आणि इकडे फारसं कोणी फिरकत नाही.

स्पॉटिफाय वापरत असाल तर वेबवर खात्याच्या प्रायव्हसी पानावरून तुमचा विस्तारित ऐकण्याचा इतिहास मागवा. तो यायला 30 दिवसांपर्यंत लागू शकतात. फाइल उघडली की वाजलेल्या प्रत्येक गाण्यापुढे वेळ, यंत्र, देश आणि आयपी पत्ता दिसतो. मोबाइल डेटाचा आयपी फारसं सांगत नाही. नागपुरात बसून तो दुसरंच शहर दाखवू शकतो. पण रात्री नऊनंतर रोज एक आयपी, दुपारी मिहानमधल्या ऑफिसचा दुसरा आणि शनिवार-रविवारी तिसराच, असं महिनोन्‌महिने दिसत राहिलं, की घर कोणतं आणि ऑफिस कोणतं हे सांगायला जीपीएस लागत नाही. ऑफलाइन ऐकलेली गाणीही नेट आलं की नोंदवली जातात.

यूट्यूब म्युझिकची नोंद गूगल खात्यात जाते. तिथे माय ॲक्टिव्हिटीमध्ये यूट्यूब हिस्टरी आणि वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी, दोन्हींना आपोआप पुसण्याची मुदत लावा. 3, 18 आणि 36 महिने असे पर्याय मिळतात. मी 3 निवडायला सांगेन. फक्त लोकेशनचा इतिहास बंद करून भागत नाही, कारण जागेची नोंद वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटीतही होते. याच गोंधळाबद्दल नोव्हेंबर 2022 मध्ये गूगलनं अमेरिकेतल्या 40 राज्यांशी 39.15 कोटी डॉलरची तडजोड केली.

फॅमिली प्लॅनचं वेगळंच. स्पॉटिफायच्या फॅमिली प्लॅनमध्ये सगळे एकाच पत्त्यावर राहणारे हवेत अशी अट आहे, आणि सामील होताना पत्ता लिहावा लागतो. अट मान्य असेल तरच घ्या. नसेल तर वैयक्तिक प्लॅन घ्या, पत्त्याचा प्रश्नच येत नाही.

आणि प्लेलिस्टची नावं! ‘रविनगर जिम, सकाळी 6’ हे नाव पब्लिक ठेवलंत तर तुम्ही कधी कुठे असता ते तुम्हीच लिहून दिलंत. प्रोफाइल उघडा, अशा याद्या प्रायव्हेट करा किंवा नावं बदला. वाजणारं गाणं ओळखून देणारं शझाम वापरत असाल तर तेही तपासा, कारण परवानगी असेल तर कोणतं गाणं कुठे ओळखलं, ते ठिकाण तिथे साठतं.

फुकट प्लॅनवर ऐकणाऱ्यांनी अँड्रॉइडच्या गूगल सेटिंग्जमध्ये ॲड्स उघडून ॲडव्हर्टायझिंग आयडी डिलीट करावा. जाहिराती येतच राहतील, पण वेगवेगळ्या ॲप्समधली माहिती त्या एका क्रमांकाखाली जोडणं अवघड होईल.

व्हीपीएन घ्यावं का?

फक्त गाण्यासाठी असेल तर नको. व्हीपीएन म्हणजे तुमचं नेट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा. त्यानं आयपी लपतो, पण तुमचं सगळं येणंजाणं आता व्हीपीएन कंपनीच्या हातून होतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं 28 एप्रिल 2022 ला काढलेल्या आदेशानुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती 5 वर्षं ठेवायची आहे. तेव्हा काही कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच उचलले. फुकट व्हीपीएनच्या तर नादीच लागू नका. त्यापेक्षा आवडती गाणी विकत घेऊन फाइल फोनमध्ये ठेवा आणि व्हीएलसीसारख्या प्लेअरवर ऐका. त्याला लोकेशन लागत नाही, की खातं लागत नाही.

यातलं काय बंद पडेल?

फार नाही. गाणी, डाउनलोड आणि शोध जसेच्या तसे चालतात. टीव्हीवर गाणं पाठवताना ‘नियरबाय डिव्हाइसेस’ची परवानगी पुन्हा मागितली जाईल, पाहुणे आले, गाणी लावली, नंतर काढून टाका. जवळच्या कार्यक्रमांची यादी हवी असेल तर ज्या ॲपमध्ये शहर हातानं टाकता येतं तिथे नुसतं नागपूर लिहा. नवा फोन घेतलात की मात्र पहिल्या यादीपासून सगळं पुन्हा तपासा, आणि आईबाबांचा फोन हातात आला तर तोही. त्यांनी समोर आलेल्या प्रत्येक चौकटीवर ‘अलाऊ’ दाबलेलं असण्याची शक्यता बरीच असते.