मूळ फाइल मागा, मूळ माणूस शोधा: बातमी आणि गाणे नेटवर टाकताना या चुका टाळा

मुंबईत काहीही घडले की त्याचे पहिले चित्रण आता तिथे उभ्या असलेल्या माणसाच्या फोनमधून येते आणि वार्ताहर मागाहून पोहोचतो. गाण्याचेही तसेच झाले आहे. चाळीतल्या खोलीत, गाद्या भिंतीला लावून रेकॉर्ड केलेले गाणे कोणत्याही कंपनीच्या दारात न जाता थेट लोकांपर्यंत पोहोचते. हा बदल मला मनापासून आवडतो, कारण ज्यांना कुणी विचारत नव्हते त्यांचा आवाज त्यामुळे ऐकू येऊ लागला. मी बातम्यांच्या डेस्कवर काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी दादरमधल्या एका मित्राच्या छोट्या रेकॉर्डिंग स्टुडिओत जाऊन बसतो, त्यामुळे दोन्ही क्षेत्रांतली नवखी मुले मला सतत भेटतात आणि दोन्हीकडे त्याच त्या चुका दिसतात. हाताशी आलेली गोष्ट मुळात कुणाची, हे विचारायच्या आधीच ती पुढे ढकलली जाते.

‘आत्ताचा व्हिडिओ’ म्हणून जुना व्हिडिओ टाकणे

ही चूक दर पावसाळ्यात होते आणि दर पावसाळ्यात ती करणारे नवे लोक असतात. काही वर्षांपूर्वीची जुलैमधली एक दुपार. बाहेर जोराचा पाऊस, भरतीची वेळ जवळ आलेली आणि डेस्कवरच्या एका तरुण सहकाऱ्याच्या फोनवर एक व्हिडिओ आला. रुळांवर पाणी, फलाटावर खच्चून गर्दी आणि खाली ओळ: ‘प्रभादेवी स्टेशन, आत्ताची परिस्थिती’. एका न्यूज पोर्टलने तो आपला लोगो लावून टाकलासुद्धा होता. “सर, सगळ्यांनी टाकलाय, आपण मागे पडतोय,” असे तो पुन:पुन्हा सांगत होता. मी म्हटले, “अरे, आधी फ्रेम थांबव आणि मोठी कर.” उजव्या कोपऱ्यात, माणसांच्या छत्र्यांच्या वर, स्टेशनच्या पिवळ्या पाटीचा अर्धा भाग दिसत होता आणि त्यावर ‘एल्फिन्स्टन’ एवढी अक्षरे स्पष्ट वाचता येत होती. त्या स्टेशनचे नाव जुलै २०१८ मध्ये बदलून प्रभादेवी झाले. जुनी पाटी कुठेतरी राहून गेली असेल, असा बचाव त्याने केला, म्हणून परळच्या बाजूला असलेल्या आमच्या छायाचित्रकाराला फोन लावला. पाऊस होता, गाड्या उशिराने धावत होत्या, पण रूळ उघडे होते आणि पाटीवर प्रभादेवी असेच लिहिलेले होते.

आम्ही तो व्हिडिओ घेतला नाही, पण तो थांबलाही नाही. माझी वहिनी तेव्हा परळला नोकरीला होती. तिच्या कार्यालयातल्या सगळ्या बायका तो व्हिडिओ पाहून रात्री उशिरापर्यंत थांबून राहिल्या आणि गाड्या मात्र सुरू होत्या. ज्या पोर्टलने तो टाकला होता त्यांनी संध्याकाळी गुपचूप काढून टाकला. दुरुस्तीची एक ओळही छापली नाही.

फोटोशोधाची साधने वापरावीत, व्हिडिओतल्या निवडक फ्रेम गूगल लेन्सवर टाकून पाहाव्यात, यात वाद नाही. माझी भिस्त मात्र आधी डोळ्यांवर असते, कारण मुंबई स्वतःच तारीख सांगते. रस्त्यात प्रीमियर पद्मिनी टॅक्सी भाडे घेऊन धावताना दिसली तर तो व्हिडिओ ऑक्टोबर २०२३ नंतरचा असणे शक्य नाही, कारण शेवटच्या पद्मिनीची मुदत तेव्हाच संपली. बेस्टची डिझेलवर चालणारी जुनी लाल डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाली. अंधेरीच्या लिंक रोडवर मेट्रोचे खांबच दिसत नसतील तर व्हिडिओ बराच जुना आहे. कानही तेवढेच उपयोगी पडतात: मागे दुकानात वाजणारे गाणे ज्या वर्षी आले त्याआधीचा तो व्हिडिओ असू शकत नाही. म्हणूनच वरून गाणे चढवलेले रील मी पुरावा म्हणून कधीच स्वीकारत नाही. त्यात मूळ आवाज गेलेला असतो आणि मूळ आवाजाबरोबर निम्मी माहिती गेलेली असते.

पाठवणाऱ्याशी बोलण्याची माझी सवय ठरलेली आहे. चित्रण स्वतः केले का, कुठे उभे राहून केले, किती वाजता केले, एवढे विचारतो आणि मग त्याच्या आधीची किंवा नंतरची क्लिप मागतो. ज्याने स्वतः चित्रण केलेले असते त्याच्या फोनमध्ये आणखी काहीतरी असतेच: थरथरलेला पहिला प्रयत्न, चुकून काढलेला फोटो, घरच्यांना पाठवलेला निरोप. ज्याने नुसते पुढे पाठवलेले असते त्याच्याकडे तेवढाच तुकडा असतो. मूळ फाइल व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावी. साधा व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि त्याची वेळ, जागा यांच्या नोंदी पुसल्या जातात. या सगळ्याला दहा मिनिटे लागतात. दहा मिनिटे थांबायची ज्याची तयारी नाही त्याने डेस्कवर बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भटक्या समाजातल्या पाच माणसांना जमावाने ठार मारले. एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा व्हॉट्सअॅपने भारतात घातली ती त्याच महिन्यात.

नीट तपासलेले लोकांचे चित्रण काय करू शकते, तेही सांगितले पाहिजे. २६ मे २०२५ रोजी वरळीच्या आचार्य अत्रे चौक या भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरले. स्थानक खुले होऊन महिनाही झाला नव्हता. प्रवाशांनी काढलेले व्हिडिओ काही वेळातच सर्वत्र पोहोचले आणि एका प्रवेशद्वाराजवळ पाणी अडवण्यासाठी बांधलेली भिंत कोसळल्याचा खुलासा मेट्रो प्रशासनाला करावा लागला. निव्वळ पत्रकावर अवलंबून राहिलो असतो तर जिन्यावरून वाहणारे ते पाणी कुणालाच दिसले नसते.

एका गल्लीवरून अख्ख्या शहराची बातमी करणे

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्यात त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. हे ज्याला ठाऊक आहे तो दादरजवळच्या सखल हिंदमाता भागातल्या एका क्लिपवर ‘मुंबई तुंबली’ असा मथळा देणार नाही. तीन लोकांच्या पोस्टवरून ‘मुंबईकर संतप्त’ लिहिणे हाही याच जातीचा आळस आहे.

‘सौजन्य: सोशल मीडिया’

ही ओळ लिहिणाऱ्यांवर माझा खरोखर राग आहे. सोशल मीडिया नावाच्या कुणी व्हिडिओ काढलेला नसतो. पावसात भिजत, फोन सांभाळत कुणीतरी तो काढलेला असतो आणि स्वामित्व हक्क कायदा, १९५७ नुसार तो हक्क त्या माणसाचा असतो. चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी कायदा काही सवलत देतो, परंतु पूर्ण व्हिडिओ उचलून, मूळ नाव झाकून, त्यावर स्वतःचा लोगो ठोकण्याची मुभा त्यात नाही. परवानगी लेखी मागावी, व्हॉट्सअॅपवर आलेले ‘हो, वापरा’ जपून ठेवावे आणि नाव द्यायचे की नाही हेही त्यांनाच विचारावे, कारण मालकाच्या किंवा पोलिसांच्या भीतीने अनेकांना नाव नको असते. पैसे देता येत असतील तर द्यावेत.

गर्दीतल्या अपघाताचा किंवा आगीचा ‘आणखी जवळून’ व्हिडिओ कुणाकडेही मागू नये.

लहान मुलांचे आणि लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तींचे चेहरे धूसर केले म्हणजे काम झाले, असे समजू नये. पॉक्सो कायद्याचे कलम २३, बाल न्याय कायद्याचे कलम ७४ आणि भारतीय न्याय संहितेचे कलम ७२ ओळख पटवणाऱ्या प्रत्येक तपशिलाबद्दल आहेत. शाळेचा गणवेश, सोसायटीची पाटी, आईचा आवाज यांतूनही ओळख पटते.

गाजलेली चाल घेऊन शब्द आपले घालणे

२०१७ च्या पावसाळ्यात आरजे मलिष्का यांनी तेव्हा गाजत असलेल्या एका मराठी गाण्याच्या धाटणीवर महापालिकेच्या कारभाराबद्दल गाणे केले. खड्ड्यांच्या बातम्या वर्षानुवर्षे छापून जे झाले नाही ते त्या गाण्याने झाले: पालिकेला उत्तर देणे भाग पडले आणि राजकीय वाद पेटला. गाणे बातमीचे काम करू शकते हे तेव्हा सर्वांनी पाहिले. दुर्दैवाने अनेक नवख्या मुलांनी त्यातून घेतला तो निराळाच धडा, की चाल तयार मिळते, फक्त शब्द बसवायचे.

याच्याहून जास्त नुकसान ‘पारंपरिक’ हा शिक्का करतो. लालबागचा एक गुणी गायक आहे. स्वतःच्या चालींची अनेक गाणी त्याने यूट्यूबवर टाकली होती आणि हळूहळू त्याला ऐकणारे लोक मिळत होते. आषाढीच्या तोंडावर त्याने तुकोबांचा एक अभंग गायला. चाल एका जुन्या ध्वनिमुद्रिकेतली, वाद्यमेळ नेटवरून उतरवलेल्या तयार ट्रॅकचा आणि माहितीत लिहिले ‘पारंपरिक’. व्हिडिओ चढताच कंटेंट आयडीचा, म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचा आवाज आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेचा, दावा आला, कारण तो ट्रॅक मूळ ध्वनिमुद्रणातून गायकाचा आवाज काढून बनवलेला होता. ‘अभंग चारशे वर्षांपूर्वीचा आहे, तो सगळ्यांचा आहे’ असे लिहून त्याने हरकत घेतली. दावेदाराला उत्तर द्यायला तीस दिवस असतात. आषाढी तेवढ्यात होऊन गेली. हरकत फेटाळली गेली, त्याने रागाच्या भरात अपील केले आणि त्यावर व्हिडिओ काढून टाकला जाऊन चॅनेलला स्ट्राइक, म्हणजे हक्कभंगाची अधिकृत ताकीद, मिळाला. नव्वद दिवसांत असे तीन झाले की चॅनेल बंद होते आणि त्याने त्याच पद्धतीचे आणखी अभंग टाकून ठेवलेले होते. तो स्टुडिओत आला तेव्हा स्वतःची सगळी मूळ गाणी हातची जातील या धास्तीने त्याचा चेहरा उतरला होता. आम्ही बसून ते सगळे व्हिडिओ आधी काढून टाकले. पुढे त्याने तोच अभंग स्वतःच्या चालीत, मित्राच्या पखवाजावर गायला आणि मला तो आधीच्यापेक्षा कितीतरी उजवा वाटतो.

गाण्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. तिन्हींचे मालक निरनिराळे असू शकतात. शब्द आणि चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो, ध्वनिमुद्रणावरचा प्रकाशनानंतर साठ वर्षे. तुकोबांचे शब्द मोकळे आहेत. श्रीनिवास खळे यांनी त्यांना दिलेल्या चाली मोकळ्या नाहीत, कारण खळ्यांचे निधन २०११ मधले आहे. पठ्ठे बापूराव १९४५ मध्ये गेले, त्यांच्या लावण्यांचे शब्द आता कुणीही घ्यावेत. अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या रचनांवरचा हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत आहे. वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले. त्यांची भीमगीते ‘पारंपरिक’ म्हणून टाकणे हा कायद्याचा भंग तर आहेच, पण ज्या माणसाने गावोगाव फिरून ती लिहिली आणि गायली त्याचे नाव पुसण्याचा तो अन्यायही आहे. मी कोणतेही लोकगीत हाती घेतले की आधी जुन्या जाणत्या गायकाला फोन करतो आणि ‘हे कुणाचे?’ एवढेच विचारतो. बहुतेक वेळा नाव सापडते.

विकत घेतलेले तयार लूप, म्हणजे पुन:पुन्हा वाजवायचे ठेक्याचे किंवा सुरांचे तुकडे, वापरले असतील तर गाणे निरनिराळ्या अॅपवर पोहोचवणाऱ्या वितरकाच्या फॉर्मवर कंटेंट आयडीचा पर्याय निवडू नये. तेच लूप इतरांनीही घेतलेले असते आणि मग आपला दावा त्यांच्या निर्दोष गाण्यांवर जाऊन बसतो.

एआयने नामवंत गायकाच्या आवाजाची नक्कल करून गाणे टाकणे ही गंमत राहिलेली नाही. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांना अशा नकलेविरुद्ध अंतरिम संरक्षण दिले आहे.

गीतकार आणि संगीतकार यांची नावे भरायचा कंटाळा करणे ही चूक छोटी दिसते, पण तिचे परिणाम पैशांत भोगावे लागतात. स्वामित्व हक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांना रॉयल्टीचा जो वाटा दिला तो करारानेही सोडून देता येत नाही. मात्र ही रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या आयपीआरएस या संस्थेकडे नोंद नसेल आणि गाण्याच्या माहितीत नावच नसेल तर तो वाटा पोहोचणार कुठे? नावाचे स्पेलिंगही सगळीकडे एकच ठेवावे. गाणे चढवण्याच्या रात्री घाईघाईत हे भरण्यापेक्षा रेकॉर्डिंगच्या दिवशीच वहीत लिहून, ढोलकीवाल्यापर्यंत सगळ्यांची नावे त्यांच्याकडूनच तपासून घ्यावीत.

चूक झाल्यावर पोस्ट गुपचूप उडवणे

बातमी असो वा गाणे, चुकीची पोस्ट नुसती काढून टाकली की ती ज्यांच्यापर्यंत गेली त्यांना काहीच कळत नाही. काढावी जरूर, पण त्याच जागी, त्याच मथळ्याखाली काय चुकले, केव्हा लक्षात आले आणि खरे काय, हे साध्या भाषेत लिहावे, मूळ व्यक्तीला स्वतः कळवावे आणि ज्या ज्या व्हॉट्सअॅप गटांवर आपण ती पाठवली होती त्या प्रत्येक गटावर दुरुस्तीही पाठवावी.